उभी गाडी चालू ठेवावी की बंद करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागात सिग्नल फार नाहीत, पण थांबणं भरपूर आहे. वर्धा-बल्लारशाह मार्गावर कोळशाची मालगाडी येते आणि फाटक पडतं. कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर ट्रॅक्टरची रांग लागते. बाजार समितीत तुरीची गाडी सकाळपासून उभी असते. या सगळ्या वेळी इंजिन फडफडत असतं आणि चालक खाली उतरून बोलत असतो. यात किती इंधन जातं, कधी बंद करावं आणि कधी मुळीच करू नये, याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं.

सेल्फ मारला की उभ्या गाडीपेक्षा जास्त पेट्रोल जाते म्हणतात. खरं हाये का भाऊ?

नाही. गरम इंजिन पुन्हा सुरू करायला जेवढं इंधन लागतं, तेवढं तेच इंजिन जागेवर उभं राहून साधारण १० सेकंदांत जाळून टाकतं. ११व्या सेकंदापासून पुढचं सगळं वाया.

हा समज आला कुठून, तेही सांगायला हवं, कारण जुने चालक खोटं बोलत नव्हते. कार्बोरेटरच्या गाडीत चोक ओढावा लागे, सेल्फ मारताना ॲक्सिलेटर दोन-चारदा दाबावा लागे. प्रत्येक दाबाला पेट्रोलची पिचकारी आत जायची, त्यातलं बरंच न जळताच बाहेर पडायचं. बॅटरी मंद असली तर हा खेळ मिनिटभर चाले. त्या गाडीला ‘बंद करू नको’ म्हणणं समजण्यासारखं होतं. पण २०००च्या आसपास कारमधून कार्बोरेटर निघत गेले आणि १ एप्रिल २०२०ला धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर दुचाकींतही इंजेक्शन आलं. आता इंजिनचा कंट्रोलर तापमान बघतो आणि मोजून फवारा देतो. गरम इंजिन एका सेकंदाच्या आत पकडतं. पायाने ॲक्सिलेटर दाबायची गरजही नसते.

डिझेलला तर कार्बोरेटर कधीच नव्हता. त्यामुळे जुन्या जीपला किंवा ट्रॅक्टरलाही हा समज कधी लागू नव्हता. तिथे लोकांना भीती असते ती वेगळी: परत सुरू होईल का? त्याचं उत्तर पुढे बॅटरीच्या प्रश्नात आहे.

मग १० सेकंदांच्या वर थांबायचं असलं की लगेच चावी फिरवायची?

इंधनाचा हिशेब १० सेकंदांचा आहे. पण गाडीत नुसतं इंधन नसतं, सेल्फ आणि बॅटरीही असते. म्हणून माझा सल्ला असा: अर्ध्या-एक मिनिटापेक्षा जास्त थांबायचं हे नक्की दिसत असेल, तर बंद करा. पुढची गाडी दर १५ सेकंदांनी सरकत असेल, तर चालू राहू द्या.

आणि थांबणं किती वेळाचं हे आपल्याला बहुतेक वेळा माहीत असतं. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून कृषी केंद्रात शिरलेला माणूस दोन मिनिटांत येत नाही. तिथे विचारच करू नका, चावी काढून खिशात घाला. चोरीची भीतीही तेवढीच कमी.

उभी गाडी जाळते तरी किती?

लहान पेट्रोल कार, एसी बंद, तर तासाला अंदाजे अर्धा ते पाऊण लिटर. मिनिटाला १० मिली धरा. एसी सुरू केला की हा आकडा तासाला लिटरच्या आसपास किंवा वर जातो, कारण कॉम्प्रेसर इंजिनवरच फिरतो. ४०-५० एचपीचा ट्रॅक्टर तासाला साधारण एक ते दीड लिटर डिझेल घेतो. मोठा ट्रक दोन-तीन लिटर.

मिनिटाला १० मिली ऐकायला काहीच वाटत नाही, म्हणूनच कुणी लक्ष देत नाही. आता बघा: फाटक १२ मिनिटं बंद राहिलं, तर १२० मिली गेलं. १८चं ॲव्हरेज देणारी गाडी तेवढ्यात दोन किलोमीटर जाते. रोज जाताना एकदा, येताना एकदा असं फाटक लागत असेल, तर वर्षाच्या ३०० दिवसांत ७२ लिटर होतात. लिटर १०० रुपये धरला तरी ७,२०० रुपये. एवढ्यात दोन-तीन टाक्या फुल होतात.

फाटक उघडलं आणि गाडी सुरूच नाही झाली, तर मागचे हॉर्न मारून जीव खातील. म्हणून चालू ठेवतो.

ही भीती खरी आहे. उपाय सोपा आहे. शेवटचा डबा गेला तरी लगेच हात चावीकडे नेऊ नका, कारण कधी कधी एक गाडी गेली की समोरून दुसरी येणार असते आणि फाटक तसंच बंद राहतं. फाटक वर जायला लागलं की सुरू करा. पुढच्या गाड्या रूळ ओलांडेपर्यंत तुमच्याकडे भरपूर वेळ असतो.

याच जागेची आणखी एक गोष्ट. फाटक बंद असताना काही जण उजव्या बाजूने पुढे जाऊन उभे राहतात. समोरच्या बाजूलाही तेच झालेलं असतं. फाटक उघडलं की दोन्हीकडच्या गाड्या रुळावर तोंडाला तोंड लावून अडकतात आणि मग सगळ्यांचीच इंजिनं पुन्हा दहा मिनिटं जळतात. डाव्या बाजूला रांगेत राहण्याने जेवढं इंधन वाचतं, तेवढं चावी फिरवूनही वाचत नाही. रुळावर अडकण्याचा धोका तर वेगळाच.

जिनिंगसमोर ट्रॅक्टर रात्रभर रांगेत असतो. दर थोड्या वेळाने पुढे सरकावा लागतो. तिथे काय करायचं?

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हेच, कारण इथे पैसा शेतकऱ्याचा जातो, आणि तोही कापसाचा भाव हातात पडायच्या आधी.

रांग सरकते ती तुकड्या-तुकड्याने. एक ट्रॉली काट्यावर गेली की मागचे सगळे एकेक ट्रॅक्टरभर पुढे येतात. प्रत्येक जण इंजिन चालूच ठेवतो, कारण ‘आत्ता सरकायचं आहे’. आठ तासांच्या रांगेत इंजिन तीन तास जरी चाललं, तरी साडेतीन-चार लिटर डिझेल गेलं. कापूस आहे तिथेच आहे.

करायचं ते असं: पुढे जागा पडू द्या. तीन-चार ट्रॅक्टरांची जागा झाली की एकदाच सुरू करा, एकदाच सरका, परत बंद करा. मधे कोणी घुसेल ही शंका सगळ्यांना असते. म्हणून मागच्या-पुढच्या दोन-चार जणांशी आधीच बोलून घ्या. आपल्याच पंचक्रोशीतली माणसं असतात, ‘भाऊ, चार जागा झाल्या की सोबतच सरकू’ म्हटलं की ऐकतात. जिथे टोकन किंवा नंबर देतात, तिथे तर घुसायचा प्रश्नच नाही.

डिझेलपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे आग. कापसाला ठिणगी पुरते. सायलेन्सरमधून उडालेला तापलेला काजळीचा कण, किंवा तापलेल्या पाईपला टेकलेली पऱ्हाटीची काडी, एवढ्यावर भरलेली ट्रॉली जाते. जिनिंगच्या आवारात थांबलेला ट्रॅक्टर बंदच हवा आणि सायलेन्सरला ठिणगीरोधक जाळी हवी. कोणी सांगायची वाट पाहू नका.

आणखी एक: रांगेत उभं असताना ‘बॅटरी चार्ज होऊ दे’ म्हणून हँड ॲक्सिलेटर ओढून रेस वाढवून ठेवतात. असं केल्याने डिझेल आणखी जास्त जातं. ट्रॅक्टरची सर्व्हिस तासांवर मोजतात, किलोमीटरवर नाही. म्हणजे जागेवर जळलेला तासही ऑईल बदलण्याच्या हिशेबात धरला जातो. वावरात एक फेरा न मारता सर्व्हिस जवळ आली.

आमचा ट्रॅक्टर एकदा बंद केला की धक्का मारल्याशिवाय सुरूच होत नाही. मग कसा बंद करू?

मग तुमचं भांडण बॅटरीशी आहे, इंधनाशी नाही. आपल्याकडे गाड्या चालू ठेवण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं आणि लोक ते बोलून दाखवत नाहीत. उतारावर ट्रॅक्टर लावणं, दिवसभर इंजिन चालू ठेवणं, दोघा-तिघांनी ढकलणं, हे सगळं नव्या बॅटरीपेक्षा महाग पडतं.

आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशीसारखी राख जमली असेल, तर केबल सोडा, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून टर्मिनल धुवा, वाळवा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. केबल काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. ‘बॅटरी गेली’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावर सुरू होतात. मग पाणी बघा. आपल्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडतं, एप्रिल-मे-जूनमध्ये दर पंधरवड्याला झाकणं उघडून बघावं. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी प्लेटा खाऊन टाकतं.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावला तर १२.६ व्होल्ट यायला हवेत. १२.२च्या खाली असेल तर ती अर्ध्यावर आली आहे. इंजिन सुरू केल्यावर १४च्या आसपास जात नसेल, तर बॅटरीला दोष देऊ नका, अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट तपासा.

वारंवार सेल्फ मारून स्टार्टर लवकर जात नाही का?

प्रत्येक वेळी थोडी झीज होते, हे खरं. पण प्रश्न किती वेळा हा आहे. शहराच्या कोंडीत दिवसाला पन्नासदा बंद-चालू करणाऱ्याने विचार करावा. खेड्यातल्या माणसाला दिवसातून तीन-चार लांब थांबे असतात, तेवढ्याने स्टार्टरला काही होत नाही. इंजिनची मोठी झीज होते ती थंड असताना सुरू करताना, कारण रात्रभर ऑईल खाली उतरलेलं असतं. पाच-दहा मिनिटं बंद असलेल्या गरम इंजिनच्या भागांवर ऑईलचा थर तसाच असतो.

गाडी बंद करून पंखा, गाणी, लाईट चालू ठेवलं तर?

गाणी चालतील. हेडलाईट नको. दोन ५५ वॉटचे बल्ब म्हणजे जवळपास ९ अँपिअर. लहान कारची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असते, म्हणजे तासाभरात पाव बॅटरी खाली. जुनी असेल तर सेल्फ घेणार नाही. रात्री रस्त्याच्या कडेला असाल तर पार्किंग लाईट लावा, तो लागतोच.

मोटरसायकलला एवढा हिशेब कशाला?

१०० सीसीची गाडी उभी राहून कमी पिते, तासाला साधारण पाव लिटरच्या आतच. पण आपल्याकडे घरोघरी गाडी हीच आहे आणि तिच्यावर बसून पानठेल्यासमोर गप्पा मारताना ती चालूच असते. बंद करा.

फक्त एक काळजी घ्या: हँडलवरच्या लाल किल स्विचने बंद करून चावी तशीच ठेवू नका. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींना दिवसाही हेडलाईट लागलेला राहतो. किल स्विच दाबल्यावर इंजिन थांबतं, पण अनेक गाड्यांत लाईट जळत राहतो आणि बॅटरी उतरते. चावीनेच बंद करायची सवय ठेवा.

नवतप्यात ४५ अंशांत एसी बंद करून बसायचं म्हणता?

नाही, तसं मी कधीच म्हणणार नाही.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथल्या मे महिन्यात काचा लावलेली बंद गाडी उन्हात उभी केली की आतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढतं. गाडीत तान्हं बाळ, म्हातारं माणूस, गरोदर बाई, दवाखान्यातून आणलेला रुग्ण असेल, तर एसी चालू ठेवा. २० मिनिटं थांबलात तर ३०-४० रुपयांचं पेट्रोल जाईल. उष्माघातापुढे ही रक्कम काहीच नाही.

पण गाडीत धडधाकट माणसंच असतील, तर इंजिन बंद करा, दारं उघडा आणि कडुनिंबाखाली जाऊन उभे राहा. सावलीतला वारा उन्हातल्या गाडीपेक्षा बरा. पाणी जवळ असू द्या. परत निघताना आधी सगळ्या काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा, लवकर गार होतं.

लेकराला गाडीत एकटं सोडून ‘एसी चालू आहे’ म्हणून दुकानात जाऊ नका. इंजिन कधीही बंद पडू शकतं. आणि खेळता खेळता गिअरला हात लागला तर गाडी चालू लागते.

सकाळी थंडीत पाच-दहा मिनिटं गाडी गरम करावी ना?

गरज नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-दहा अंशांवर येतो, बर्फ पडत नाही. डिझेल गाडीत कॉइलचा लाईट विझेपर्यंत थांबा, सुरू करा, अर्धा मिनिट द्या आणि हळू निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर रेस कमी ठेवा. जागेवर उभं इंजिन हळूहळू तापतं, चालतं इंजिन पटकन तापतं. थंड इंजिन उभं राहून जळतं तेव्हा इंधन नीट जळत नाही, काजळी धरते आणि न जळलेलं इंधन ऑईलमध्ये उतरतं. बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो, तो अशा उभ्या जळण्याने लवकर तुंबतो.

समृद्धीवरून आलो की लगेच बंद करू नको म्हणतात.

टर्बो, म्हणजे धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, असलेल्या गाडीसाठी हे बरोबर आहे. ताशी १२०च्या वेगाने तासभर आल्यावर टर्बो लालबुंद तापलेला असतो. इंजिन एकदम बंद केलं की त्याच्या बेअरिंगला ऑईल पोचायचं थांबतं आणि आत उरलेलं ऑईल जळून कडक होतं. अर्धा ते एक मिनिट चालू ठेवा, मग बंद करा. महामार्गावरून उतरून गावापर्यंत हळू आला असाल, तर टर्बो वाटेतच निवलेला असतो, वेगळं थांबायला नको.

घाट उतरताना इंजिन बंद केलं की डिझेल वाचते, नाही का?

कृपा करून हे करू नका. चिखलदऱ्याचा घाट असो की बुलढाण्याचा राजूर घाट, इंजिन बंद केलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. चावी पूर्ण फिरून बाहेर निघाली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

आणि यात वाचतंही काही नाही. इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की इंजिनला जाणारं इंधन पूर्ण थांबतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर उलट इंजिनला स्वतः फिरत राहण्यासाठी इंधन लागतं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरा. इंधनही वाचतं, ब्रेकही तापत नाहीत.

काळीपिवळीवाले स्टँडवर गाडी चालूच ठेवतात. त्यांना कोण सांगणार?

त्यांचंही ऐकून घ्या. इंजिन चालू दिसलं की प्रवाशाला वाटतं, गाडी निघालीच. बंद गाडीत कोणी बसत नाही. म्हणून गाडी भरेपर्यंत अर्धा तास इंजिन चालू आणि ‘चला चला’ची हाक. पण दिवसातून चार फेऱ्या धरल्या तर दोन तास फुकट जळाले, म्हणजे जीपचं लिटर-दीड लिटर डिझेल, जवळपास एका-दोन प्रवाशांचं भाडं. एकट्याने बंद करून भागत नाही, कारण शेजारचा चालू ठेवतो आणि सवारी त्याच्याकडे जाते. स्टँडवरच्या सगळ्यांनी मिळून नंबर लावला, ज्याचा नंबर त्याचीच गाडी भरली, तर कोणालाच दिखाव्याची गरज राहत नाही. शिवाय त्याच स्टँडवर शाळेची पोरं त्या धुरात उभी असतात.

गाडी आपोआप बंद होते-सुरू होते, ते बटण दाबून बंद ठेवू का?

चालू राहू द्या. हिरोने २०१४मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टला हीच सोय दिली: न्यूट्रलला थांबलं की इंजिन बंद, क्लच दाबला की सुरू. महिंद्राच्या बोलेरो-स्कॉर्पिओत ‘मायक्रो हायब्रिड’ नावाने ती आली. अशा गाड्यांना स्टार्टर आणि बॅटरी मुळातच दणकट देतात. बॅटरी बदलताना मात्र त्याच प्रकारची घ्या, स्वस्तातली साधी लावली तर वर्षभरात बोंब होईल.

गोदामात, शेडमध्ये चालू ठेवली तर चालते?

नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं जड होतं, मग झोप येते आणि माणूस उठत नाही. बंद शेडमध्ये ट्रॅक्टर, जनरेटर, मोटरसायकल काहीही चालू ठेवू नका. थंडीच्या रात्री रांगेत काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. सायलेन्सरला भोक पडलं असेल तर धूर आत येतो.

माझी गाडी नक्की किती पिते, हे घरी कसं मोजू?

नव्या कारच्या मीटरवर ॲव्हरेजच्या जागी, गाडी उभी असताना, तासाला लिटरचा आकडा दिसतो. गाडी गरम झाल्यावर एसी बंद करून एकदा बघा, मग एसी लावून बघा.

ट्रॅक्टरचं मोजणं आणखी सोपं. सपाट जागेवर उभा करा, इंजिन गरम असू द्या. टाकी काठोकाठ भरा, फेस बसू द्या, परत काठाला आणा. कमी रेसवर एक तास चालवा. बंद करून लिटरच्या मापाने परत काठापर्यंत भरा. जेवढं बसलं, तेवढं गेलं. मग हँड ॲक्सिलेटर तुम्ही रांगेत जितका ओढता तितका ओढून तेच एकदा करा आणि दोन्ही आकडे टाकीच्या झाकणाजवळ लिहून ठेवा.